जुन्या लाकडी होड्यांचे कॅटलॉग कसे जपावेत आणि वाटावेत

आमच्या वैनगंगेकाठी, पवनीच्या परिसरात, नाव म्हटली की डोंगा आठवतो, आणि डोंग्याचा छापील कॅटलॉग मी आजवर पाहिलेला नाही. तरीही एका जुन्या वाड्यातील संदूक उघडली तेव्हा मोडी कागदांखाली ओल्ड टाऊन या अमेरिकी कंपनीचा कॅनूचा (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या नावेचा) कॅटलॉग निघाला. तो तेथे कसा पोहोचला हे घरात कोणालाच सांगता आले नाही. अशी वस्तू तुमच्या हाती आली, तर ती पुन्हा संदुकीत ठेवून कुलूप लावणे म्हणजे जतन नव्हे, एवढे आधी लक्षात घ्यावे.

मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीकाठी असलेली ही कंपनी सिडार या हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या आणि फळ्यांवर कॅनव्हास ताणून कॅनू बांधत असे. कॅनूच्या टोकाशी, आतल्या लाकडावर, अनुक्रमांक ठोकलेला असतो. त्या अंकाच्या जोडीला त्या काळचा कॅटलॉग असला, तर दुरुस्ती करणाऱ्याला बैठकीचे विणकाम, टोकाच्या फळीचा आकार आणि मूळ रंग ओळखता येतो. म्हणून कॅटलॉगमधील सुटी दरपत्रके, मागणीचे कोरे अर्ज आणि पाकिटेही फेकू नयेत. पुष्कळदा मुखपृष्ठावर साल नसते, आणि ते ठरवण्याचा आधार या सुट्या चिठोऱ्यांतच सापडतो. ते ज्या पानांत निघाले त्या पानांचा क्रमांक पेन्सिलीने वेगळ्या कागदावर टिपून ठेवावा.

कामासाठी ऋतू निवडावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा जुना कागद इतका वाळलेला असतो की घडी उघडताच तो त्या रेषेवर तुटतो. पावसाळ्यात उलट, तकतकीत कागदाची पाने ओल धरून एकमेकांना कायमची चिकटतात. पावसाळा ओसरून हवा कोरडी झाल्यावर, कार्तिकापासून पौषापर्यंत, पाने उघडण्याचे काम करावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो. तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि त्याला कोणतेही घरगुती औषध नाही.

पहिल्या दिवशी फक्त मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत. पातळ पात्याने त्यांची टोके हलकेच सरळ करून मग त्या सोडवाव्यात. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, कारण त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन शाईपर्यंत उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नये. माझ्या एका परिचिताने मोठ्या प्रेमाने केलेले लॅमिनेशन आजही पाहवत नाही, कारण ते उलटवता येत नाही. फार गरज असेल तरच पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावावी. आपल्याकडे पूर्वी खळीत मोरचूद घालत. कॅटलॉगसाठी ते टाळावे.

कवेलूच्या घरात कसर आणि वाळवी हे खरे शत्रू आहेत. संदूक भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नये. चार विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी आणि दर पंधरवड्याला उघडून पाहावी. आत कडुनिंबाचा पाला असला तर तो पूर्ण वाळलेला असावा आणि कागदाला चिकटू नये. प्रत आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात आडवी ठेवावी.

यानंतर प्रती घ्याव्यात. स्कॅनर असल्यास मजकुराला ३०० आणि रेषाचित्रांना ६०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) पुरेसे असते. पुस्तक पाठीवर सपाट दाबावे लागत असेल, तर स्कॅनरचा हट्ट सोडावा. उत्तरेकडील खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पानाला समांतर धरलेल्या मोबाइलने फोटो घेतला तरी चालतो; शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. कोरी पानेही सोडू नयेत. मूळ प्रतिमा टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवून वाटण्यासाठी पीडीएफ करावी, आणि एक संच दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाकडे द्यावा.

वाटण्यापूर्वी हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, विचार करावा. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षे उलटून गेलेली छापील सामग्री मुक्त असते. भारतात निनावी प्रकाशनासाठी ही मुदत ६० वर्षांची आहे. मुदत उलटलेली असल्यास इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर चढवताना कंपनीचे नाव, वर्ष, पृष्ठसंख्या आणि गहाळ पाने स्पष्ट लिहावीत. वर्ष अनुमानाने ठरवले असेल तर तेही सांगावे.

एक छापील प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. आमच्याकडच्या एका वृद्ध ढिवर काकांनी ती पाहिली, कॅनूची रुंदी बोटांनी मापली आणि आपल्या डोंग्याची मापे सांगू लागले. ती मी त्याच पीडीएफच्या सोबत वेगळ्या पानावर, तारखेसह नोंदवली आहेत.