उपग्रहचित्रांवरून दूरच्या डोंगररांगा धुंडाळताना या चुका टाळा

लडाखच्या झंस्कार भागातल्या एखाद्या निनावी खिंडीभोवती आज घरबसल्या फिरता येतं. नकाशावर जिथे पूर्वी फक्त कोरी जागा असायची, तिथली प्रत्येक घळ, धार आणि सोंड गूगल अर्थमध्ये दिसते. मात्र पडद्यावर जे दिसतं त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे ठरावीक तारखेला वरून काढलेला फोटो. दुसरी म्हणजे उंचीचा ढोबळ साचा, ज्यावर तो फोटो चादरीसारखा अंथरलेला असतो. फोटो कितीही स्पष्ट असला तरी साचा ढोबळच राहतो. पुढच्या बऱ्याचशा चुका हे दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

उतार बघून वाट ठरवणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर.

दुर्गम हिमालयासाठी मोफत मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या जाळीची असते. एसआरटीएम नावाची ही माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून रडारने गोळा केली. कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचा ३० मीटरचा साचा त्यानंतरचा आणि डोंगराळ भागात बराच सरस आहे. तरी दोन्हींत ३० मीटर गुणिले ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते.

आता ३० मीटरचा सरळसोट कडा घ्या. उतार काढणारी बहुतेक साधनं एका चौकोनाच्या दोन बाजूंच्या शेजाऱ्यांची उंची बघतात, म्हणजे ६० मीटर अंतरातला फरक मोजतात. ६० मीटरात ३० मीटर उतार म्हणजे सुमारे २७ अंश. दोराशिवाय जिथे पाऊल टाकता येणार नाही, ती जागा रंगीत उतार-नकाशावर चालण्याजोगी दिसते. उलट्या बाजूने झुकलेला कडा तर या साच्यात बसतच नाही, कारण एका जागेला दोन उंची देता येत नाहीत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पडद्यावर नुसता तीव्र उतार वाटतो, तो यामुळेच.

म्हणून आमचा आग्रह असा की दूरची रांग उघडण्याआधी सह्याद्रीतली पायाखालची वाट उघडा. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे त्यांनी ती गूगल अर्थमध्ये तिरकी करून बघावी. कातळटप्पे कुठे गायब झाले, घसारा कसा दिसतो, नाळ किती रुंद भासते, हे टिपून ठेवा. आपलं साधन किती आणि कोणत्या बाजूला चुकतं हे कळल्याशिवाय अनोळखी डोंगरावर त्याचा अंदाज बांधता येत नाही.

कड्याची उंची साच्यातून न काढता सावलीवरून काढता येते. सावली सपाट जागेवर पडलेली हवी. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या कोनाचा) टॅन, म्हणजे कड्याची उंची. सेंटिनेल-२ या कोपर्निकसच्याच उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, एक पिक्सेल १० मीटरचा. त्यांच्या प्रत्येक चित्राच्या तपशिलात सूर्याचा कोन दिलेला असतो. समजा तो ५८ अंश आहे आणि सावली पाच पिक्सेल, म्हणजे ५० मीटर आहे, टॅन १.६, तर कडा सुमारे ८० मीटरचा. एका पिक्सेलच्या चुकीने उत्तर १६ मीटरने बदलतं, हे धरूनच चाला.

आणखी एक तपासणी लगेच करा. गूगल अर्थ प्रोच्या पर्यायांत उंची वाढवून दाखवण्याचा आकडा असतो. तो १ वर आहे ना ते बघा. कुणी तो दीडवर नेऊन ठेवला असेल, तर सौम्य धारसुद्धा सुळक्यासारखी दिसते.

धारेला ओढा समजणं

चित्रात धार खोल घळीसारखी दिसते आणि ओढे उंचवट्यांवरून वाहताना भासतात. चित्र बिघडलेलं नसतं. आपल्या मेंदूला प्रकाश वरून येतो असं धरून चालायची सवय आहे. सेंटिनेल आणि लँडसॅट हे उपग्रह सकाळी, लडाखच्या भागात अकराच्या आगेमागे जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या चित्रात उजवीकडून खालून प्रकाश येतो आणि उंच-सखल उलटं वाटतं.

उपाय सोपा आहे. चित्र १८० अंश फिरवा, दक्षिण वर आणा. गूगल अर्थ प्रोमध्ये होकायंत्राची कडी ओढून फिरवता येतं आणि ‘एन’ दाबलं की उत्तर पुन्हा वर येते. ब्राउझरमधल्या चित्राचा स्क्रीनशॉट उलटा केला तरी चालतं. एकदा पाणी कुठल्या दिशेने वाहतं ते पक्कं झालं की मग सरळ करून वाचा.

सावलीचा दुसरा त्रास उत्तरेकडच्या भिंतींवर होतो. ३४ अंश अक्षांशावर डिसेंबरात सकाळचा सूर्य जेमतेम ३० अंशांवर असतो. हजार मीटरच्या भिंतीची सावली तेव्हा पावणेदोन किलोमीटरपर्यंत लांबते आणि तिच्याखालची आख्खी हिमनदी काळी पडते. सप्टेंबरच्या सुरुवातीला तीच सावली सहा-सातशे मीटरवर येते. काळ्या भागात काय आहे ते बघायला कोपर्निकस ब्राउझरमध्ये (सेंटिनेलची चित्रं बघायच्या संकेतस्थळावर) गॅमा, म्हणजे गडद भाग उजळणारा आकडा, दीड ते दोनपर्यंत वाढवा. सेंटिनेलच्या चित्रात अंधारातही बरीच माहिती दडलेली असते. काळा डाग तळं आहे की सावली, हे ठरत नसेल तर दोन वेगळ्या महिन्यांची चित्रं शेजारी ठेवा. सावलीचा आकार बदलतो, तळ्याचा फारसा नाही.

तारीख न बघणं

३१ डिसेंबर २०१४ रोजी झंस्कारमधल्या फुगतालजवळ दरड कोसळून नदी अडली. बर्फाखाली तळं साचत गेलं आणि ७ मे २०१५ रोजी बांध फुटला. खालच्या खोऱ्यातले अनेक पूल वाहून गेले. त्याआधीच्या चित्रावर जे पूल ठळक दिसतात त्यांच्या भरवशावर वाट आखली तर ती कागदावरच राहील. काराकोरममध्ये हिमनद्या अचानक उसळून पुढे सरकतात. शिमशाल खोऱ्यातली खुर्दोपिन २०१७ मध्ये अशीच उसळली. तिथे वर्षापूर्वीचं चित्रही जुनं ठरू शकतं.

गूगल अर्थमधला सलग दिसणारा प्रदेश हा वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांची गोधडी असतो. रंग जिथे एकदम बदलतो तिथे शिवण आहे असं समजा. तारीख पडद्याच्या तळाशी दिसते, घड्याळाच्या खुणेवरून जुनी चित्रं उघडतात. शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या तारखा लिहून घ्या.

नेमकं कुठलं चित्र घ्यायचं? स्पष्ट पण जुनं हवं असेल तर गूगल अर्थ, ताजं पण १० मीटरचं हवं असेल तर सेंटिनेल-२. दोन उपग्रह मिळून ते साधारण दर पाच दिवसांनी येतं. दोन्ही लागतातच. स्पष्ट चित्रावर वाट शोधायची आणि ताज्या चित्रावर ती अजून शाबूत आहे का ते बघायचं.

इथे जवळजवळ सगळ्यांकडून होणारी एक गफलत. सेंटिनेलची चित्रं शोधताना ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर ठेवतात आणि मग ‘चित्रच मिळत नाही’ म्हणतात. ती टक्केवारी सुमारे ११० किलोमीटरच्या आख्ख्या चौकोनाची असते. मुख्य हिमालयाच्या दक्षिणेला ढग भरलेले असताना झंस्कारचं खोरं निरभ्र असू शकतं. मर्यादा ७०-८० टक्क्यांवर न्या आणि आपलं खोरं डोळ्यांनी बघा. ढग आणि बर्फ वेगळे होत नसतील तर बी १२, बी ८ ए आणि बी ४ हे सेंटिनेलचे प्रकाशपट्टे अनुक्रमे लाल, हिरव्या, निळ्यात लावा. बर्फ निळा होतो, बहुतेक ढग पांढरेच राहतात. फार उंचावरचे हिमकणांचे पातळ ढग मात्र तरीही निळसर दिसतात, तेवढं सांभाळा.

ऋतूइतकीच वेळही महत्त्वाची. चित्र सकाळी अकराचं असतं आणि बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर चढतं. चित्रात वाळूच्या पट्ट्यांतून फुटून वाहणारा शांत प्रवाह संध्याकाळी काठोकाठ भरलेला असू शकतो. शिवाय पाच-सहा मीटर रुंदीचा ओढा सेंटिनेलच्या एका पिक्सेलातही मावतो. नदी ओलांडायची जागा चित्रावरून फार तर शोधावी. ओलांडायची वेळ पहाटेची धरावी.

राखाडी पट्ट्याला रस्ता समजणं

काराकोरममधल्या बाल्तोरोसारख्या हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला असतो. वरून तो रुंद, राखाडी, सपाट मैदानासारखा दिसतो, साचाही त्याला गुळगुळीत दाखवतो. प्रत्यक्षात तिथे चढउतारांना अंत नसतो, दगड पायाखालून निसटतात, मधे बर्फाचे उघडे कडे आणि हिरवट डबकी असतात. स्पष्ट चित्रात ही डबकी आणि त्यांच्या कडेच्या काळपट अर्धवर्तुळाकार भिंती शोधा. त्या दिसल्या की खाली बर्फ आहे हे नक्की, आणि दिवसाचं अंतर निम्म्यावर आणा. बऱ्याचदा हिमनदी आणि डोंगर यांच्यामधल्या बाजूच्या घळीतून चाल सोपी पडते. ती घळ शोधण्यासाठी उपग्रहचित्रासारखं साधन नाही.

हिमभेगांसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची चित्रं बघा, कारण तेव्हा जुना बर्फ उतरून भेगा उघड्या पडतात. मेच्या चित्रात त्याच भेगांवर बर्फाचं झाकण असतं आणि उतार निर्धोक वाटतो. १० मीटरच्या चित्रात भेग दिसली नाही, याचा ‘भेग नाही’ असा अर्थ कधीही घेऊ नका.

आकड्यांचे घोळ

३३ अंश ३० मिनिटं अक्षांश म्हणजे ३३.५ अंश. घाईत ३३.३० लिहिलं की बिंदू २२ किलोमीटर दक्षिणेला पडतो. गटात सगळ्यांनी एकच पद्धत ठरवावी, दशांशातली अधिक सोयीची.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट गोलाभ या जुन्या मापावर आधारलेले आहेत, जीपीएस आणि उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापावर. लडाखमध्ये त्यामुळे शंभर मीटरहून अधिक सरक येते. चीनच्या बाजूला, काराकोरमपलीकडच्या शक्सगाम खोऱ्याकडे, ऑनलाइन नकाशांवरचे रस्ते मुद्दाम सरकवलेले असतात. तिथे रेषेवर नाही, चित्रावर विश्वास ठेवा.

चित्रसुद्धा जागचं हललेलं असू शकतं. तिरक्या कोनातून घेतलेला फोटो ढोबळ साच्यावर बसवताना उंच धारा काही दहा मीटरने सरकतात. एखादा मोठा खडक निवडा आणि चार तारखांच्या चित्रांत त्याची जागा बघा. तो उड्या मारत असेल तर सेंटिनेलवरची जागा प्रमाण माना आणि खिंडीच्या बिंदूभोवती तेवढं अंतर सुटं ठेवा.

इंटरनेट संपल्यावर

गूगल अर्थची साठवण डोंगरात दगा देते. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये आपल्या भागाचे एमबीटाइल्स (इंटरनेटशिवाय उघडणारी नकाशा-फाइल) तयार करून फोनवरच्या नकाशा-ॲपमध्ये टाका, विमानमोड लावून घरीच उघडून बघा. वाटेची जीपीएक्स फाइल (वाटेचे बिंदू साठवणारी) दोन फोनांवर ठेवा. कागदी प्रतही हवी. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरची तुटक रेषा चाललेल्या माणसाची आहे की घरी बसून चित्रावरून काढलेली, हे त्या रेषेच्या नोंदीत अनेकदा कळतं. ती नोंद बघितल्याशिवाय रेषेला वाट म्हणू नका. झंस्कारमधल्या पदुमला पोचल्यावर आखलेली वाट छापील चित्रावर घोडेवाल्यांना दाखवा आणि पूल, पाणी, चारा या तीनच गोष्टी विचारा. सीमेलगतच्या भागाचे परवाने आधी काढा. भारतात विनापरवाना सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा ते गृहीत धरून सुटकेची योजना करू नका. प्रत्येक मुक्कामापासून सगळ्यात जवळच्या गावापर्यंत उतरायची वाट वेगळ्या रंगाने आखून ठेवा, आणि तिलाही तारीख, सावली, उतार या तिन्ही तपासण्या लावा.