ओल्ड फेथफुलच्या पुढे: अपर गीझर बेसिनमधल्या एका दिवसाची तयारी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणारे बहुतेक जण ओल्ड फेथफुल हा गीझर, म्हणजे जमिनीतून अधूनमधून उसळणारं उकळत्या पाण्याचं कारंजं, बघतात, फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. खरी मजा तिथून पुढच्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये, अपर गीझर बेसिन या भागातल्या बाकीच्या गीझरांत आहे. तिला अख्खा दिवस लागतो, आणि त्यातला बराचसा बसून काढावा लागतो. म्हणून तयारी करायची ती चालण्यापेक्षा वाट बघण्याची.

आधी तारीख ठरवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत उद्यानातले बहुतेक रस्ते खाजगी गाड्यांना बंद असतात. उद्यानातला मुक्काम कित्येक महिने आधीच भरतो. बाहेर वेस्ट यलोस्टोन गावात राहिलात तर ओल्ड फेथफुल सुमारे 48 किलोमीटर पडतं. नकाशा सांगेल त्याहून अर्धा-पाऊण तास जास्त धरा, कारण गवे (तिथले बायसन) रस्त्यात उभे राहिले की कोणाचंच काही चालत नाही. पार्किंग सकाळी लवकर गाठलेलं बरं. फोनची रेंज बेभरवशाची, तेव्हा नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲप आणि नकाशे आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे व्हिजिटर सेंटरमधला, कोणता गीझर कधी उसळेल याच्या अंदाजांचा फलक. वेळा वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे मागेपुढे किती सूट दिलीय तेही लिहा. ओल्ड फेथफुलची सूट 10 मिनिटांची, ग्रँड या गीझरची मात्र तास-दीड तासाची. म्हणजे ग्रँडपुढे 2 लिहिलं असेल तर साडेबाराला बाकावर बसायची तयारी हवी. ओल्ड फेथफुलचं गणित स्वतःही करता येतं: उसळी अडीच मिनिटांच्या आत आटोपली तर पुढची साधारण तासाभरात, लांबली तर दीड तासाने.

वेळा एकमेकींवर आल्या तर ग्रँड निवडा. डेझी हा गीझर दोन-तीन तासांनी पुन्हा उडतो, तो चुकला तर फारसं बिघडत नाही; ग्रँड चुकला तर पुढची पाळी सहा-आठ तासांनी. शिवाय वेळेचा अंदाज देता येणाऱ्या गीझरांमध्ये सगळ्यात उंच तोच, 60 मीटरपर्यंत जातो. त्याच्या शेजारचा छोटा टर्बन साधारण दर 20 मिनिटांनी उसळतो आणि ग्रँड सुटतो तो त्याच्याच वेळेच्या आसपास. टर्बन नीट चालू झाला, तरी ग्रँडचं कुंड शांतच राहिलं, तर पुढची पंधरा-वीस मिनिटं मोकळी. डबा तेव्हा उघडायचा. कुंडाच्या पाण्यावर लाटा दिसायला लागल्या की मात्र कॅमेरा हातात. नऊ-बारा मिनिटांनी पाणी बसतं आणि गर्दी उठते. तुम्ही एखाददोन मिनिटं थांबा, कधीकधी दुसरी उसळी येते आणि ती बघायला निम्मी माणसंही उरलेली नसतात.

नदीकाठच्या रिव्हरसाइड गीझरसाठी दुर्बीण घ्या, 8 पट पुरते. उसळण्याआधी तास-दोन तास त्याच्या काठावरून पाणी नदीत ओघळतं. ओघळ दिसत नसेल तर घाई नको. इंद्रधनुष्य हवं असेल तर ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा. कॅसल गीझरचं पाणी संपलं तरी थांबा. नंतर अर्धा-पाऊण तास नुसती वाफ घोंघावत राहते. मात्र त्याची एखादी छोटी, अर्धवट उसळी होऊन गेली, की पुढची वेळ सांगता येत नाही.

पिशवीत काय? जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे, पाणी इथे 93 अंशांनाच उकळतं. ऊन चटकन भाजतं, दुपारी वीज-पाऊस येतो, रात्री उन्हाळ्यातही गारठा. म्हणून माणशी दोन लिटर पाणी, वाऱ्या-पावसाचं जाकीट, स्वेटर आणि हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी. साधी टोपी उडून कुंडाजवळ पडली तर ती गेली म्हणून सोडून द्या. जमिनीचं वरचं कवच पापुद्र्याइतकं पातळ असू शकतं आणि खाली उकळतं पाणी, म्हणून फळ्यांच्या वाटेवरून खाली पाऊल टाकायचंच नाही. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर त्यांना चपलांऐवजी पकड असलेले बूट घाला. ओल्या फळ्या घसरतात आणि थंडीत सकाळी त्यांवर बर्फ धरतो. लहान मुलांचा हात सुटता कामा नये.

चष्मा आणि लेन्स यांच्यासाठी छोटी पाण्याची बाटली व मऊ फडकं वेगळं ठेवा. तुषारांत सिलिका (वाळूत असतं ते खनिज) असते. ती वाळली की काचेवर पांढरे डाग बसतात आणि कोरड्या फडक्याने घासलं तर ओरखडे. थेंब पडले की लगेच, ओल्यानेच पुसा. त्याहून सोपं म्हणजे वारा बघून बाक निवडा.

ड्रोन घरीच ठेवा, उद्यानात बंदी आहे. कुत्र्यालाही फळ्यांच्या वाटांवर प्रवेश नाही. अस्वलाला पळवून लावायचा फवारा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यायचा. गव्यांपासून 23 मीटर, अस्वल-लांडग्यांपासून 91 मीटर दूर राहायचं. गवा वाटेवरच येऊन बसला तर वळसा घाला किंवा परत फिरा, मग त्यात ग्रँड चुकला तरी चालेल.