जर्मनीत नोकरी शोधायला जाताय? आधी टपालपेटीवर नाव लावा

न्युरेंबर्गमधल्या माझ्या दुसऱ्या खोलीच्या इमारतीत जिन्याशेजारी टपालपेट्यांची रांग होती. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक आणि पेटीवरचं आडनाव एवढ्यावर पोस्टमन पत्र टाकतो. मी पोटभाडेकरू, त्यामुळे पेटीवर फक्त घरमालकिणीचं नाव होतं. बँकेच्या कार्डाचा पिन टपालाने येतो, तो दोनदा परत गेला. शेवटी मालकीणबाईंना विचारून कागदाची पट्टी कापली, त्यावर ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. तिसऱ्या खेपेला पिन आला. तोवर नोकरी शोधायला मिळालेल्या माझ्या एका वर्षातले जवळजवळ दोन महिने गेले होते.

हे आधी सांगायचं कारण असं, की नोकरी शोधण्याच्या व्हिसावर जाणारे बहुतेक जण मुलाखतीची तयारी करतात, पण वर्ष खाऊन टाकतात ती ही कामं. जे घरी बसून करता येतं ते सगळं निघण्याआधी करा. विमानातून उतरल्यावरचे दिवस मोजके असतात.

मी फेब्रुवारी २०२५ मध्ये शान्सनकार्टेवर गेले. आपण त्याला ऑपॉर्च्युनिटी कार्ड म्हणतो. १ जून २०२४ पासून ते सुरू झालं. त्याआधीचा जॉब सीकर व्हिसा सहा महिन्यांचा होता आणि त्यावर नियमित नोकरी करायला बंदी होती. नवं कार्ड एका वर्षापर्यंत मिळतं, आठवड्याला २० तास काम करता येतं आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करण्याची मुभा असते. या चाचणीला ते प्रोबेबेशेफ्टिगुंग म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा, पुढे लागेल.

कार्ड मिळण्याचे दोन रस्ते आहेत. तुमची पदवी जर्मनीत पूर्ण मान्य असेल तर तुम्ही थेट फाखक्राफ्ट, म्हणजे कुशल कामगार, ठरता आणि गुणांची भानगड उरत नाही. नसेल तर किमान ६ गुण जमवावे लागतात. त्यासाठीसुद्धा तुमच्या देशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण हवं, आणि जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ हवं (ए-१ ते सी-२ या भाषेच्या पातळ्या, ए-१ सगळ्यात खालची). गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव असेल तर २ गुण, सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर ३. वय ३५ पर्यंत २, ४० पर्यंत १. जर्मन ए-२ ला १, बी-१ ला २, बी-२ ला ३. इंग्रजी सी-१ असेल तर आणखी १. माणसांची टंचाई असलेल्या क्षेत्रातलं शिक्षण असेल तर १, त्यात इंजिनिअरिंग येतं.

मी आठवडाभर गुणांची बेरीज करत बसले होते आणि नंतर कळलं की माझी पदवी मान्य आहे, मला त्याची गरजच नव्हती. तुम्ही आधी अनाबिन हा सरकारी डेटाबेस उघडा. त्यात तुमच्या विद्यापीठासमोर एच-प्लस, म्हणजे जर्मनीत मान्य, अशी खूण आहे का बघा, मग तुमची पदवी शोधा. तिच्यासमोर एन्टश्प्रिख्ट किंवा ग्लाइखवेर्टिग, म्हणजे जर्मन पदवीच्या तोडीची, असं लिहिलेलं असेल तर दोन्ही पानांची प्रिंट काढून अर्जाला जोडा, काम झालं. विद्यापीठ एच-प्लस आहे पण पदवीची नोंदच नाही, असंही होतं. मग झॅब या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्याची फी २०८ युरो आणि वेळ काही महिन्यांचा, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. डॉक्टर, नर्स, शिक्षक अशा परवाना लागणाऱ्या पेशांची प्रक्रिया वेगळी आहे. त्यांनी या कार्डाच्या नादी न लागता थेट मान्यतेच्या प्रक्रियेची चौकशी करावी.

पैसे. २०२५ साठी महिन्याला १,०९१ युरो दाखवावे लागत होते, म्हणजे वर्षाचे १३,०९२. हे साधारण श्पेरकोन्टोत, म्हणजे ब्लॉक खात्यात भरतात आणि दर महिन्याला ठरलेला हप्ता मिळतो. आकडा दर वर्षी बदलू शकतो, अर्ज भरताना तो ताजा बघून घ्या. पण हा पैसा पहिल्या दिवसापासून हातात येईल असं धरू नका. माझा हप्ता सुरू व्हायला तिथल्या बँकेचं खातं लागलं आणि खात्याला पत्ता लागला. शिवाय खोलीची अनामत, काउत्सिओन, कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत मागता येते. काल्टमीटे म्हणजे हीटिंग वगैरे सोडून नुसतं भाडं. अनामत तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, हे माहीत असू द्या. तरी दोन महिन्यांचा खर्च ब्लॉक खात्याबाहेर सोबत ठेवा.

आता पत्ता. सगळ्यात जास्त जीव इथे लावा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, जाऊन नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाडेकराराने काम भागत नाही. या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक, कागद एक पानाचा. नोंदणी झाली की टॅक्स आयडी टपालाने घरी येतो आणि पुढची सगळी कामं तिच्या मागून हलतात. माझ्या पहिल्या खोलीचा मालक भाडं घेऊन मोकळा झाला आणि मग म्हणाला, इथे आनमेल्डुंग होणार नाही. तीन आठवडे फुकट गेले. म्हणून खोली बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. खोली न बघता अनामत पाठवायला सांगणारा मालक असेल तर तिथेच थांबा. किल्ली कुरियरने पाठवतो म्हणणारे फसवतात.

ब्युर्गरआम्टची अपॉइंटमेंट मोठ्या शहरात आठवडे मिळत नाही. खोली ठरली की त्याच दिवशी, सामान हलवण्याआधी, ती घेऊन ठेवा. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर दिसायच्या, मला अशीच एक मिळाली.

अर्जांबद्दल. पहिल्या दोन महिन्यांत मी इंग्रजीत साठेक अर्ज केले आणि दोन उत्तरं आली. मग लेबेन्सलाउफ, म्हणजे बायोडेटा, जर्मनमध्ये केला: दोन पानं, तक्त्यासारखा, प्रत्येक ओळीला महिना आणि वर्ष, मधला रिकामा काळ कशात गेला ते सांगणारा. सोबत एका पानाचं आनश्राइबेन, म्हणजे अर्जाचं पत्र, आणि सगळी प्रमाणपत्रं एकाच पीडीएफमध्ये. जर्मन कंपन्या जुन्या मालकाचं प्रशस्तिपत्र बारकाईने वाचतात. आपल्याला मिळणारं अनुभवपत्र बहुधा दोन ओळींचं असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं. निघण्याआधी साहेबांकडून नेमकी कामं लिहिलेलं पत्र मागून घ्या. माझ्या पत्रात कास्टिंगची तपासणी, एक्स-रे, नाकारलेल्या नगांचं विश्लेषण हे मुद्दे होते. मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले.

आनश्राइबेनच्या पहिल्या परिच्छेदात मी एक वाक्य घातलं: माझ्याकडे अमुक तारखेपर्यंत जर्मनीत राहण्याचा परवाना आहे, मी लगेच रुजू होऊ शकते आणि आधी दोन आठवडे चाचणी म्हणून काम करायला कायद्याने परवानगी आहे. अनेक लहान कंपन्यांना हे कार्ड ठाऊकच नसतं. परदेशी माणूस म्हटलं की कागदपत्रांचा डोंगर येणार, या भीतीने अर्ज बाजूला पडतो. ते वाक्य घातल्यावर फोन येऊ लागले. आणि मोठ्या शहरांतल्या मोठ्या नावांमागे सगळा वेळ घालवू नका. जर्मनीतले कितीतरी चांगले कारखाने लहान गावांत आहेत. मला काम मिळालं ते बव्हेरियातल्या अशाच गावात, दहा दिवस चाचणी करून.

भाषेचं सांगते, थोडं कठोर वाटेल. इंग्रजीवर भागेल असं आयटीवाल्यांना बर्लिनमध्ये म्हणता येईल. कारखान्याच्या मजल्यावर नाही. किमान बी-१ करूनच निघा. ए-१ वर कार्ड मिळू शकतं, पण सुपरवायझर घाईत काय म्हणाला ते कळत नाही.

मधल्या काळात अर्धवेळ काम जरूर करा. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. तेव्हा महिन्याला ५५६ युरोच्या वर कमाई गेली की मिनीजॉबची, म्हणजे कमी कमाईच्या छोट्या नोकरीची, मर्यादा ओलांडायची. ती ओलांडली की तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात येता. मी गोदामात आठवड्याला २० तास काम केलं. ब्लॉक खातं कमी उपसलं गेलं आणि कानांना जर्मनची सवय झाली.

करार हातात आला की त्याच आठवड्यात आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, गाठा. कंपनीकडून एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस हा फॉर्म भरून घ्या. २०२५ मध्ये ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यासाठी, वर्षाला ४८,३०० युरो पगार लागायचा, टंचाईच्या क्षेत्रांत आणि नव्या पदवीधरांना ४३,७५९.८० युरो. पगार त्याहून कमी असेल तरी कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो, त्यामुळे चांगली नोकरी केवळ या आकड्यासाठी सोडू नका. मात्र नवा परवाना हातात येईपर्यंत पूर्णवेळ काम सुरू करायचं नाही, कंपनीने कितीही घाई केली तरी. कार्यालयातल्या त्याच भेटीत ब्लॉक खात्यातली उरलेली रक्कम मोकळी करण्याचं पत्र मागा. मी विसरले आणि त्यासाठी पुन्हा पाच आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट घ्यावी लागली.