खिशातला साधा घडीचा चाकू: कसा निवडावा, कसा सांभाळावा

घडीचा चाकू मागितला की दुकानदार हमखास काळा, दातेरी, एका बोटाने फटकन उघडणारा चाकू समोर ठेवतो. दिसायला रुबाबदार, पण त्याने पेरू चिरून बघा. पातं इतकं जाड असतं की फोड कापली जाण्याऐवजी फुटते. खरं काम करणारे चाकू साधे, पातळ पात्याचे आणि हलके असतात, आणि नेमके तेच मागे पडलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागात शेतावर किंवा दुकानात दिवस काढणाऱ्यांनी त्यांच्याकडे जरूर बघावं.

आधी काम ठरवा. खताच्या पोत्याची शिवण उसवणं, ठिबकची नळी कापणं, सुतळी तोडणं, ऊस सोलणं, बोंडू (काजूचं फळ) चिरणं, पार्सल उघडणं. आपली रोजची कामं एवढीच. त्यासाठी 6 ते 9 सेंटिमीटरचं पातं पुरतं, आणि पात्याची पाठ 2 मिलिमीटरच्या आसपास असावी. लांबीपेक्षा ही जाडी आधी बघा.

आता कोणता घ्यायचा? माझी पहिली पसंती फ्रान्सच्या ओपिनेलला. साव्हॉय या डोंगराळ भागात 1890 साली जोसेफ ओपिनेल यांनी तो शेतकऱ्यांसाठी घडवला. बीच लाकडाची गोल मूठ, पातळ पातं, आणि 1955 पासून मानेवर फिरणारी पोलादी रिंग. रिंग फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. त्याच्या 8 नंबरच्या मापाचं पातं साडेआठ सेंटिमीटर, आणि वजन इतकं कमी की खिशात आहे हे विसरायला होतं. लाकडी मूठ बघून पुष्कळ जण त्याला स्वस्तातला माल समजतात, पण एकदा कांदा कापून बघितला की मत बदलतं.

जपानच्या मिकी गावातला हिगोनोकामी त्याहून साधा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पात्याच्या मागे आलेली छोटी शेपटी. लॉक नाही, स्प्रिंग नाही. शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, मग पातं जागचं हलत नाही. अंगठा सुटला तर मात्र ते मिटू शकतं, म्हणून लहान मुलांच्या हाती हा देऊ नये. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच घरातला अ‍ॅल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा पायोनियर फारसा कुणी मागत नाही. मिटलेला 93 मिलिमीटर, आणि घामाच्या हातातही मूठ घसरत नाही.

चौथा आपल्या नजरेसमोरच असतो: कलमाचा चाकू. आंब्याची कलमं बांधणारे तो रोज वापरतात, पण इतरांच्या तो ध्यानातही येत नाही. त्याच्या पात्याला बहुधा एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट, त्यामुळे काप आरशासारखा गुळगुळीत येतो. त्याने पोती मात्र फाडू नका, ती धार नाजूक असते.

विकत घेताना चाकू उजेडाकडे धरा. मिटलेलं पातं मुठीच्या खाचेत मधोमध बसलंय का, ते पाहा. मग पूर्ण उघडून पातं चिमटीत पकडा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. खिळ्यापाशी खेळ जाणवला तर परत ठेवा. लॉक असेल तर तो लावून, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ काउंटरवर हलकेच दाबा. लॉक सुटता कामा नये.

पोलाद पावसाकडे बघून निवडा. जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने भिंतीही ओल्या असतात, तिथे स्टेनलेस पातंच बरं. अथणीसारख्या कोरड्या बाजूला कार्बन पोलाद खुशाल घ्या. त्याला धार पटकन चढते. लिंबू-कैरी लागली की ते काळपट पडतं. त्याने काही बिघडत नाही. तांबूस डाग दिसला तर तो गंज, तो लगेच घासून काढा. ओपिनेलची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं अडकून बसतं. जोर लावून ओढू नका. पातं मिटलेलं असताना मुठीचं मागचं टोक लाकडी फळीवर ठोका, पातं थोडं वर येतं. मग मूठ सावलीत वाळू द्या आणि सांध्यात जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब मुरवा.

धार लावण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. फिरत्या चाकावर कोरडंच पातं घासलं की ते तापतं, धारेवर निळी झाक येते. निळी झाक म्हणजे तिथलं पोलाद 300 अंशांच्या आसपास तापून मऊ पडलं. तिथे पुन्हा धार टिकणार नाही. त्यापेक्षा घरी दगड ठेवा, एका बाजूला 400 आणि दुसऱ्या बाजूला 1000 ग्रिटचा (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक). दगड ओला करा. पातं 2 सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीएवढी उचला, म्हणजे साधारण 20 अंशांचा कोन होतो. तोच कोन धरून एक बाजू घासत राहा. दुसऱ्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा फिरवला की बारीक खरखर लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत तिला बर म्हणतात. बर टोकापासून बुडापर्यंत लागली की बाजू बदला. नंतर 1000 च्या बाजूवर हलक्या हाताने, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढा. ‘तरुण भारत’चं पान हातात लोंबतं धरून कापा. अडकलं तर बर अजून शिल्लक आहे. कलमाच्या चाकूची फक्त उताराची बाजू घासायची, सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदा फिरवली की झालं.

फणस फोडायच्या आधी पात्याला आणि सांध्याला खोबरेल चोपडा. चीक लागलाच तर आधी तेलाच्या फडक्याने पुसा, मग साबण. नुसतं पाणी घातलं तर तो अधिकच चिकटतो.

कायद्याचंही नीट समजून घ्या. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं हत्यार घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी बनवलेलं नसेल तर शस्त्र कायद्याखाली येतं. वर सांगितलेले चाकू त्या मापाच्या खूप आत आहेत. तरी बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू घेऊ नका, तो कामापेक्षा धाकासाठीच ओळखला जातो. जमावबंदी लागू असेल तेव्हा, मग 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव-काळा दिवस असो वा विधिमंडळ अधिवेशनाचे दिवस, बेळगाव शहरात जाताना चाकू घरीच ठेवा. सांबऱ्याच्या बेळगाव विमानतळावरून विमान पकडायचं असेल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.