जुन्या जीपचा ऑइल प्रेशरचा काटा नाचतोय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

आयटीआयमधून मोटर मेकॅनिक करून नुकतेच गॅरेजला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. काटा नाचतोय म्हणून जुनी गाडी आली की पहिला शब्द कानावर येतो तो 'हाफ इंजिन', म्हणजे इंजिन खोलून रिंग-बेरिंग बदलायचं मोठं काम, आणि गिऱ्हाईकाचा चेहराच उतरतो. माझं म्हणणं एवढंच की प्रेशर खरंच किती आहे हे स्वतः मोजल्याशिवाय इंजिनला पाना लावायचा नाही.

पण काटा शून्यावर आणि सोबत इंजिनातून टकटक, किंवा लाल दिवा लागलाय, तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची. मालक म्हणेल हळूहळू नेऊ गॅरेजपर्यंत, अजिबात नाही, टो करून आणायची. बेरिंगला ऑइल मिळालं नाही तर क्रँक खराब व्हायला वेळ लागत नाही.

बाकी वेळी आधी काटा हलतो कसा ते शांतपणे बघा. खरं प्रेशर कमी होतं तेव्हा काटा बहुतेक वेळा इंजिनाच्या मागे जातो, गरम झाल्यावर आयडलला खाली, रेस दिली की वर. हॉर्न वाजवला, इंडिकेटर लावला, खड्ड्यात गाडी आदळली आणि काटा टुणकन उडाला तर तो वायरिंगचा दोष समजा, कारण इंडिकेटर लावल्याने ऑइल पंपाला काही फरक पडत नाही. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पडत असेल तर आधी ऑइलची काडी काढून लेव्हल बघा, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइल कमी असलं की ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. डिझेल, टेम्परेचर आणि ऑइल असे सगळेच काटे एकदम नाचत असतील तर डॅशबोर्डचं अर्थिंग आणि मीटरचा सप्लाय तपासा.

गगनबावड्याकडची एक डिझेल जीप आमच्याकडे आली होती, मालकाला दुसरीकडे इंजिनाचं काम सांगितलेलं, बिचारा गाडी विकायच्या तयारीत होता. इंडिकेटर लावला की काटा त्याच्याच तालावर खालीवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी लागतेच, ती हिरवी पडून तुटायला आलेली. शिवाय प्रेशर सेन्सरच्या आट्यांवर टेफलॉन टेप भरमसाट गुंडाळलेली. एका वायरचा सेन्सर अर्थ त्या आट्यांतूनच घेतो, तिथे टेप जाड झाली की अर्थ कच्चा. तरी आम्ही सेन्सर काढून तिथे नळीवालं टेस्ट गेज लावलं, इंजिन पूर्ण गरम केलं, आयडलला प्रेशर १ किलोच्या वर आणि २००० आरपीएमला ३ किलोच्या आसपास. म्हणजे इंजिन ठणठणीत. (१ किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो, साधारण १४ पीएसआय, आणि दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुन्या गाड्यांचा ढोबळ अंदाज, पण खरा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरा.) पट्टी बदलली, आट्या घासून साफ केल्या, काटा स्थिर. मालकाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो, यासाठीच हे काम आवडतं.

मीटर तपासायला इग्निशन ऑन करून सेन्सरची वायर काढा, काटा एका टोकाला गेला पाहिजे, मग तीच वायर क्षणभर इंजिनाला टेकवा, दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कुठलं टोक कधी ते मीटरवर अवलंबून असतं. दोन्हीकडे नीट गेला तर मीटर आणि वायर चांगली, संशय सेन्सरवर. वायर जास्त वेळ टेकवून ठेवू नका, मीटर जळू शकतं. डॅशपर्यंत थेट ऑइलची नळी जाणारं गेज असेल तर हे सगळं लागू नाही, तिथे नळी दबलीय का, गळतेय का, कचरा अडकलाय का तेवढं बघायचं.

आता टेस्ट गेजवरसुद्धा प्रेशर कमीच आलं तर? तेव्हाही स्वस्तातून महागाकडे जा: ऑइल कुठल्या ग्रेडचं आहे, त्याला डिझेलचा वास येतोय का, जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का, मग चेंबर उतरवून पंपाची जाळी, तिथे काळा गाळ साचलेला बऱ्याचदा सापडतो. चेंबर उतरवलंच आहे तर एखादी बेरिंग कॅप खोलून शेल (बेरिंगची अर्धगोल पत्री) बघून घ्या, तांब्याचा रंग दिसायला लागला असेल तर मात्र मालकाला खर्च स्पष्ट सांगायचा. आणि काहीही निघालं तरी गरम इंजिनाचं आयडलचं आणि रेसचं रीडिंग बिलावर लिहून द्या, पुढच्या सर्विसला ताडून बघता येतं.