नाशिकच्या उकाड्यात आयसिंग कसलं? या चुका टाळा

आपल्याकडे बर्फ दिसतो तो गारपिटीत, नाहीतर निफाडला पारा घसरून द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं तेव्हा. म्हणून वैमानिक व्हायला निघालेली नाशिकची मुलं आयसिंगचा, म्हणजे विमानावर बर्फ धरण्याचा, धडा परीक्षेपुरता वाचतात. पहिली चूक तिथेच होते.

जमिनीवरचं तापमान बघून निर्धास्त राहू नका. दर हजार फुटांना साधारण २ अंश घट धरली, तर ओझरच्या विमानतळावर ३० अंश असताना जमिनीपासून १५ हजार फुटांवर शून्य येतं. त्याच्या वरच्या ढगांत शून्याखालीही न गोठलेले थेंब असतात. ते पंखाला लागले की गोठतात.

लहान विमानाला तेवढं वर जावंही लागत नाही. सेसना १५२ सारख्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणारा भाग) इंधनाची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा जाताना तापमान २० अंशांहूनही जास्त घसरू शकतं. म्हणजे श्रावणातल्या २४ अंशांच्या दमट सकाळीही इंजिनाच्या घशात बर्फ धरतो. पॉवर कमी करून उतरताना धोका सगळ्यात जास्त. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू पडतो, शिकाऊ वैमानिक नकळत थ्रॉटल (पॉवरचा दांडा) पुढे सारतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. त्याऐवजी कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी, खुंटी पूर्ण ओढा. आता आरपीएम आणखी पडेल, इंजिन खडखडेल, कारण वितळलेलं पाणी आत जातंय. नेमकं इथेच घाबरून हीट बंद केली जाते. कृपा करून ते करू नका! बर्फ गेला की आरपीएम आपोआप वर येतो.

‘थोडासाच तर थर आहे’ हेही मनातून काढा. जाड सँडपेपरएवढा खरखरीत थर पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो. विमान नेहमीपेक्षा जास्त वेगातच स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटते, कधी इशारा वाजायच्या आधीच.

ऑटोपायलटवर विसंबणं तर फार वाईट. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ हे प्रवासी विमान पडलं, ६८ जण गेले. पंखाच्या पुढच्या कडेवरचे फुगणारे रबरी बूट जिथवर बर्फ झाडतात त्याच्या मागे थर साचला होता. ऑटोपायलट सुटला आणि विमान झटक्यात कलंडलं. बर्फात असाल तर अधूनमधून विमान स्वतःच्या हातात घ्या, स्टिअरिंग जड लागतंय का, एका बाजूला ओढतंय का, ते कळतं.

पिटो हीट, म्हणजे वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा हीटर, ढगात शिरण्याआधी लावा. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो ट्यूब बर्फाच्या कणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत आणि पुढच्या गोंधळात विमान समुद्रात गेलं.

बर्फ दिसला की ‘बघू जरा पुढे’ म्हणू नका, कंट्रोलकडे लगेच खाली यायची परवानगी मागा. कळसूबाई ५,४०० फुटांचं, म्हणजे आपल्याकडे डोंगराच्या वर उबदार हवेत उतरायला भरपूर जागा असते. हिमालयात ती मिळत नाही, तिथे ढगात शिरण्याआधीच मागे वळायचं.