घरचा कॉम्प्युटर लिनक्स मिंटवर नेताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार काढून घेतला, म्हणजे नेहमीच्या सुरक्षेच्या सुधारणा देणं थांबवलं. मिरजेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेली माणसं तेव्हापासून जाता जाता हमखास विचारतात, "मॅडम, घरचा कॉम्प्युटर आता भंगारात घालायचा का?" मशीन चांगलं असतं. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५, चार नाहीतर आठ जीबी रॅम. पण विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून ते दारातच अडतं.

भंगारात घालू नका. त्यावर लिनक्स मिंट घाला. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी सिस्टिम, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. असे प्रकार ढिगाने आहेत आणि कुठला चांगला यावर लोक रात्र-रात्र भांडतात. घरच्या माणसाने त्या भांडणात पडू नये. मिंट ही उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, २००६ पासून चालू आहे, डावीकडे खाली मेन्यू आणि उजवीकडे घड्याळ असा तिचा चेहरा विंडोजवाल्याला ओळखीचा वाटतो. मिंटच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. पैसे लागत नाहीत, लायसन्स की नाही, क्रॅक शोधायची गरज नाही.

पण आधी एक कागद घ्या आणि घरातलं प्रत्येक माणूस कॉम्प्युटरवर नक्की काय करतं ते लिहा. माझ्या अनुभवात लिनक्स घालणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. लोक अडकतात ते या कागदावर.

बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मेल: हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, त्याची काळजीच नको. फोटो, गाणी, पीडीएफ, झूमची मीटिंग, चालतं. वर्ड-एक्सेलच्या साध्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) घातलेल्या एक्सेल शीट मात्र बऱ्याचदा बिघडतात. मुलगी एमएस-सीआयटी करत असेल तर तिला सरावाला एमएस ऑफिसच हवं. मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर तो तुमच्याशी बोलणं सोडेल, ते लिनक्सवर चालत नाही. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) कंपनीच्या साइटवर आहे का, ते आज बघा, नंतर नाही.

आणि डीटीपी. पेजमेकर, कोरलड्रॉ, श्रीलिपी यांच्यासाठी माझ्या दुकानात एक विंडोज मशीन आजही आहे आणि राहणार आहे. वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालवता येतात, पण पोटापाण्याचं काम त्याच्या भरवशावर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कागदावर असं एखादं काम निघालं तर दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी ठेवा. त्याचं पुढे सांगते.

आता एक युक्ती, जी मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. विंडोज असतानाच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी घाला आणि काही आठवडे तेवढ्यावरच घर चालवा. हे तिन्ही विंडोजवरही फुकट मिळतात. सासऱ्यांना सोसायटीचा हिशेब लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये करायची सवय लागली की नंतर खालची सिस्टिम बदलली तरी त्यांना फक्त मागचं चित्र बदललेलं दिसतं. सिस्टिम आणि प्रोग्रॅम एकाच दिवशी बदलले तर सगळा राग बिचाऱ्या लिनक्सवर निघतो.

मग बॅकअप. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सगळे घेतात, डाउनलोड्स विसरतात, आणि भाडेकराराची स्कॅन नेमकी तिथेच असते. वनड्राइव्ह चालू असेल तर नावापुढे ढगाचं चिन्ह असलेल्या फायली तुमच्या डिस्कवर नसतातच, त्या आधी उतरवून घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड बाहेर काढा. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरून कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातल्यावर मशीन ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काही हाती लागत नाही.

याहून भारी बॅकअप एकच: जुन्या हार्डडिस्कला हातच लावायचा नाही. विंडोजसकट जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा, २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, ती मशीनमध्ये बसवा आणि मिंट तिच्यावर घाला. काही बिनसलं तर डिस्क परत लावली की पूर्वीचं सगळं जिथल्या तिथे. शिवाय जुन्या मशीनचा वेग वाढवायला एसएसडीसारखा उपाय नाही. फिरत्या डिस्कवर मिंटही रेंगाळते, नाही रेंगाळत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. घरी फायबर असेल तर प्रश्न नाही. मोबाइलच्या रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर असाल तर मिंटच्या साइटवरून टॉरेंट घ्या. आजचा डेटा संपला तर उरलेलं उद्या तिथूनच पुढे उतरतं. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन ही आवृत्ती घ्या, त्याहून कमी किंवा मशीन फारच दमलेलं असेल तर एक्सएफसीई. फाइल उतरली की साइटवर दिलेल्या चेकसमशी (फाइल पूर्ण उतरल्याची खात्री देणाऱ्या आकड्याशी) पडताळून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे पुढे अशा विचित्र अडचणी येतात की दोष कुठे आहे ते कळत नाही.

आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवून. बलेनाएचर हा छोटा प्रोग्रॅम उघडा, फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा. पेनड्राइव्ह निवडताना भलतीच डिस्क निवडली नाही ना ते डोळे उघडे ठेवून बघा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

मशीन बंद करून पेनड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची की टकटक दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिनिटाभरात मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. अजून काहीही बदललेलं नाही, सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय. त्याला लाइव्ह सेशन म्हणतात, आणि घाईत लोक इथेच सर्वांत मोठी संधी वाया घालवतात. इन्स्टॉलचं चित्र डेस्कटॉपवर खुणावत असतं. ते दाबू नका. तासभर इथे घालवा.

वायफाय लागतं का? लागत नसेल तर मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करून मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला द्या, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा. काही ब्रॉडकॉम वायफाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो बहुधा तिथेच मिळतो. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की जागा होतो का.

प्रिंटर लावा आणि खरंच एक पान छापा. एचपीचे बहुतेक प्रिंटर आपोआप ओळखले जातात. लेझरजेट १०२० सारख्या काही मॉडेलना पहिल्या वेळी इंटरनेटवरून एक प्लगइन उतरवावं लागतं. एपसनचे इंक टँकवाले सहसा गपगुमान चालतात. कॅनन एलबीपी २९००, जो आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात आणि बऱ्याच घरांत आहे, तो संगणकाशी स्वतःच्या खास पद्धतीने बोलतो आणि लिनक्सवर त्याला वळवणं जिकिरीचं आहे. तो असेल तर नवख्याने एकट्याने नादाला लागू नये.

मराठी टायपिंगवर थोडं सविस्तर सांगते, कारण माझा सगळा जन्म त्यात गेला. तुम्ही इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्डवर टाइप करत असाल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटमध्ये मराठी जोडा, झालं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल, किंवा टायपिंगच्या क्लासमध्ये मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षेसाठी टाइपरायटरचा कीबोर्ड शिकला असाल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयबस-एम१७एन शोधून घाला, एकदा लॉगआउट करून परत या. आयबसच्या यादीत मराठीखाली गमभन, मिंग्लिश, फोनेटिक, रेमिंग्टन, टाइपरायटर असे बरेच पर्याय दिसतील. सगळ्यांना चाचणी एकच द्या: "दऱ्याखोऱ्यांतल्या सुट्टीत ज्ञानेशने ॲप उघडून श्रीखंडाचा ऱ्हास मोजला." दऱ्यातला आडवा र आणि ॲपमधला ॲ ज्या लेआउटवर तुम्हाला विनासायास येतो, तोच ठेवा.

लिब्रेऑफिसमध्ये एक खाच आहे. टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल) चालू करा आणि तिथे मराठी निवडा. त्यानंतर रायटरच्या फॉन्टच्या पानावर सीटीएलसाठी वेगळा फॉन्ट ठरवा. देवनागरीचा मूळ फॉन्ट आणि त्याचा आकार इंग्रजीपासून वेगळा सांभाळला जातो, हे माहीत नसल्यामुळे नवीन फाइल उघडली की मराठी अक्षरं दर वेळी भलत्याच फॉन्टात का येतात म्हणून लोक हैराण होतात. फॉन्ट हवे असतील तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' घ्या, दोन्ही विनामूल्य आहेत आणि जोडाक्षरं नीट बसतात.

जुन्या कृतीदेव, श्रीलिपी किंवा डीव्ही-सुरेखमधल्या फायली युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नाहीत, म्हणून त्या इंग्रजी अक्षरांच्या गचाळ रांगांसारख्या दिसतील. फाइल खराब झालेली नाही. तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर घरच्या फोल्डरमधून त्यावर डबल क्लिक करून बसवा, अक्षरं परत दिसतील. पण असला मजकूर शोधता येत नाही, मेलमध्ये चिकटवता येत नाही. महत्त्वाचा असेल तर विंडोज हातात आहे तोवरच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या.

सगळं पटलं तरच इन्स्टॉल. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर तुमच्या भागात लाइट जाण्याचा जो वार असेल तो टाळा. भाषा विचारली की मराठी निवडता येते, मेन्यू मराठीत दिसतात, पण माझा सल्ला इंग्रजीचा. काही अडलं तर इंटरनेटवर जे उत्तर सापडतं त्यात मेन्यूची नावं इंग्रजीच असतात, आणि मराठी टायपिंगला त्याने काही फरक पडत नाही. गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकची खूण करा. सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिम तपासणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतील. पुढच्या वेळी मशीन चालू होताना निळा पडदा येतो, तिथे एनरोल निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळजण त्या निळ्या पडद्याला घाबरून मशीन बंद करतात.

खरा प्रश्न डिस्कच्या पानावर आहे. "इरेज डिस्क" म्हणजे पूर्ण डिस्क पुसून फक्त मिंट. नवी एसएसडी असेल तर डोळे मिटून हेच. "अलाँगसाइड" म्हणजे विंडोजच्या शेजारी मिंट. त्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद केलेलं असावं, नाहीतर मिंटमधून विंडोजची ड्राइव्ह नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये ती बहुधा आरएसटी किंवा रेड (आरएआयडी) मोडवर असते, एएचसीआयवर न्यावी लागते. विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, नाहीतर विंडोज उठणार नाही. दोन्ही सिस्टिम ठेवल्या की कधीकधी घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे दिसतं. त्यात मशीनचा बिघाड काही नाही. एक सिस्टिम आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ धरते आणि दुसरी भारताची, एवढंच.

पाऊण तासात काम उरकतं. मग पेनड्राइव्ह काढा, पण पुसू नका, कधी मशीन उठलं नाही तर फायली वाचवायला तोच उपयोगी पडतो. वेलकमच्या खिडकीतून पहिलं काम टाइमशिफ्ट लावण्याचं. ते सिस्टिमच्या स्थितीच्या नोंदी घेतं आणि एखादी सुधारणा अंगाशी आली तर मागे जाता येतं. तुमच्या फोटो-कागदपत्रांचा बॅकअप ते घेत नाही, तो तुमचा तुम्ही घ्यायचा. दुसरं काम अपडेट मॅनेजर. तो कामाच्या मध्येच मशीन बंद करत नाही, खाली चिन्ह दाखवतो, तुम्ही सवडीने दाबा.

प्रोग्रॅम हवा असेल तर आधी सॉफ्टवेअर मॅनेजर. विंडोजची सवय म्हणजे गूगलवर शोधून कुठल्याही साइटवरून काहीतरी उतरवायचं. ती सोडा. ज्येष्ठांसाठी डेस्कटॉपवर चारच चिन्हं ठेवा: ब्राउझर, फोटो, प्रिंटरची स्कॅन, पत्त्यांचा खेळ. लहान मुलं असतील तर जीकॉम्प्रिस हा खेळातून शिकवणारा प्रोग्रॅम घाला. पासवर्ड फ्रिजवर नको, पण घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत हवा. मिंटमध्ये नवीन काही घालताना तो लागतो आणि तो विसरला की सगळं अडतं.

जुनी डिस्क कपाटात ठेवली असेल तर ती लगेच दुसऱ्या कामाला काढू नका. एकदा मार्च महिना आणि एकदा जुलै महिना जाऊ द्या. हिशेब, प्रीमियमच्या पावत्या, फॉर्म १६, रिटर्न, कॉलेजचे दाखले हे सगळं एकदा नव्या मशीनवरून निघालं की मगच ती पुसा.